थोरलीला दिसलेली खोट

थोरल्या जावेनं तो प्रोग्रॅम स्वतःच्या हातानं लिहिला होता. एका पायानं पाळणा हलवायचा आणि दोन्ही हातांनी टाइप करायचं, असे ते दिवस. रक्त तपासणाऱ्या छोट्या लॅबसाठी तो होता. नमुना आला की त्याला नंबर पडायचा, मशीनचे आकडे आपोआप चढायचे, रिपोर्ट छापून बाहेर यायचा. दिसायला ओबडधोबड, पण कधी बंद पडला नाही. त्या एका प्रोग्रॅमवर घरची कंपनी उभी राहिली. नवरा मालक, म्हणजे गिऱ्हाइकं, बोलणी, बाहेरचं सगळं त्याच्याकडे. आतलं सगळं थोरलीकडे.

मग धाकटी आली. धाकटा दीर बोटीवर इंजिनिअर, वर्षातले बरेच महिने पाण्यावर. "घरी बसून भिंतींशी किती बोलू?" असं म्हणत धाकटी ऑफिसात येऊ लागली. शिक्षण त्याच विषयातलं, हात चलाख, जीभ गोड. ती नालायक निघाली असती तर थोरलीला फार बरं वाटलं असतं. पण धाकटी कामात चोख होती, दुखणं तेच होतं.

तिनं आल्या आल्या पडद्यांचे रंग बदलले, बटणं मोठी केली. लॅबवाले फोन करून सांगू लागले, "आता कुठं डोळ्यांना बरं वाटतं बघा." इतकी वर्षं आकडा एकदाही चुकला नाही, त्यासाठी कुणी फोन केला नव्हता. थोरली हसून म्हणायची, "हो, चांगलं केलंय तिनं," आणि मग दिवसभर तिच्या कपाळाची शीर उडत राहायची. आयत्या बिळावर नागोबा, असं मनात यायचं. पाठोपाठ हेही यायचं की नागोबानं बीळ पार झकपक केलंय.

घरी सासूबाई. त्या टेलिफोनच्या ऑफिसातून निवृत्त झालेल्या, त्यामुळे कोण कुणाशी काय बोलतंय याकडे त्यांचा कान आपोआप जायचा. थोरली त्यांच्याजवळ राहून त्यांच्या गोळ्या, त्यांची दुखणी बघायची. धाकटी रविवारी यायची, त्यांच्या फोनमध्ये काहीतरी करून द्यायची, आणि पुढचा आठवडाभर सासूबाई तेच घोळवत बसायच्या.

धाकटीनं सगळ्यात मोठं काम केलं ते रिपोर्ट फोनवर देण्याचं. पेशंटला एक लिंक जायची, त्यावर बोट ठेवलं की रिपोर्ट समोर. हॉस्पिटलांचा एक मोठा समूह ही सोय असेल तरच प्रोग्रॅम घेणार होता, म्हणून नवऱ्यानं घाई लावली होती. काम संपत आलं तेव्हा धाकटी थोरलीच्या टेबलाशी आली.

"ताई, लोकांच्या हातात द्यायच्या आधी एकदा नजर टाकता का? माझं मलाच दिसत नाही."

"तुला कशाला लागते माझी नजर?" थोरली स्क्रीनवरून मान न वळवता म्हणाली. "सगळे म्हणतात ना, छान झालंय. मग झालं."

धाकटी आपल्या टेबलाकडे परत गेली. सोय चालू झाली.

एका बुधवारी संध्याकाळी सासूबाईंच्या साखरेचा रिपोर्ट आला. त्यांनी फोन थोरलीच्या नाकासमोर धरला. "बघ! आपल्या धाकटीनं केलेलं. नाहीतर इतकी वर्षं एका कागदासाठी मी बसनं हेलपाटे घालत होते."

"द्या, बघू," थोरली म्हणाली. तिची नजर रिपोर्टवर नव्हती, वरच्या पत्त्याच्या ओळीवर होती. त्या ओळीच्या शेवटी एक नंबर होता आणि तो तिच्या ओळखीचा होता. नमुन्याला पडणारा तोच नंबर, पूर्वी तिनंच बसवलेला, एकेकानं वाढत जाणारा. तिनं शेवटचा आकडा पुसला आणि पुढचा घातला.

समोर एका अनोळखी माणसाचा रिपोर्ट उघडला. नाव, वय, आणि चारचौघात कुणी सांगणार नाही अशी एक तपासणी. आणखी पुढचा आकडा घातला. एक म्हातारी बाई. त्याच्या पुढचा, एक शाळकरी मुलगी. मागणारा माणूस कोण आहे, हे प्रोग्रॅम विचारतच नव्हता. नंबर सांगा आणि कुणाचाही रिपोर्ट न्या. दाराला कडीच नव्हती.

आधी थोरली घाबरली. ही बातमी फुटली तर काय होईल हे तिच्याइतकं कुणाला कळणार होतं? लॅबवाले सोडून जातील, हॉस्पिटलवाले तोंड फिरवतील, कोर्टकचेरी होईल. पण भीतीच्या मागून दुसरंच काहीतरी आलं. तापात कपाळावर ओली पट्टी ठेवावी तसं गार वाटलं. चुकली. धाकटी चुकली, आणि तेही असं, की पहिल्या वर्षाच्या पोरानं चुकू नये.

"काय गं, हसतेस का?" सासूबाईंनी विचारलं.

"साखर कमी झालीय तुमची," थोरली म्हणाली आणि फोन परत दिला.

सकाळी गेल्या गेल्या सांगायचं, हे तिनं खरोखर ठरवलं होतं. पण ऑफिसात पाऊल टाकलं तर सगळे मधल्या खोलीत जमलेले. नवरा खुर्चीवर चढायचाच बाकी होता. हॉस्पिटलवाल्यांनी तत्त्वतः होकार कळवला होता, आता फक्त त्यांचा सुरक्षा तपासणारा माणूस येऊन बघून जाणार होता. "आणि आजपासून," नवरा धाकटीकडे हात करून म्हणाला, "आपल्या प्रोग्रॅमची सगळी जबाबदारी हिच्याकडे. काचेची केबिनही हिची." टाळ्या झाल्या. धाकटी लाजून म्हणाली, "ताईंनी पाया घातला म्हणून हे झालं."

पाया! थोरलीला तो शब्द कानाखाली बसल्यासारखा लागला. पाया म्हणजे जमिनीत पुरलेला. त्याच्यावर सगळं उभं, आणि त्याच्याकडे बघायला कुणी वाकत नाही.

नवऱ्यानं तिला आधी विचारलंसुद्धा नव्हतं. नंतर एकांतात म्हणाला, "तुला तर लोकांसमोर बोलायचा कंटाळा. मी म्हटलं, सुटलीस." ती म्हणाली, "बरं केलंस." सांगायचं होतं ते तिनं गिळलं. उद्या सांगू.

उद्याही सांगितलं नाही. धाकटीच्या फाइलमध्ये ती चुकीची ओळ नेमकी कुठं आहे, तेवढं गुपचूप बघून ठेवलं. तिच्या डोळ्यांपुढं एक दृश्य येऊ लागलं. हॉस्पिटलवाल्यांचा तो माणूस आलाय, सगळे बसलेत, तो शांतपणे एक आकडा बदलतो, आणि काचेच्या केबिनमधली बाई घामाघूम होते. मग सगळे वळून थोरलीकडे बघतात, आणि ती उठून बिघाड दुरुस्त करते. हे दृश्य ती भांडी विसळताना बघायची, केस विंचरताना बघायची. "कोण बसलंय आकडे बदलत?" असं मधूनमधून स्वतःला समजवायची. "त्या माणसाला येऊ दे. चार दिवसांचा तर प्रश्न."

पण तो माणूस यायच्या आधीच एक बाई आली.

पुढचा आठवडा संपत आला होता. कंपनीचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे एक लॅबवाल्या डॉक्टरीणबाई. थोरलीचा प्रोग्रॅम पहिल्यांदा त्यांच्याकडेच बसला होता. त्या न कळवता दारात उभ्या राहिल्या. सोबत बेकरीच्या गणवेशातली एक बाई, कामावरून तशीच आलेली, कोपरापर्यंत पीठ. सगळे मधल्या खोलीत बसले. नवरा, धाकटी, थोरली आणि त्या दोघी.

"सांग यांना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बेकरीवालीनं पाण्याच्या ग्लासाला हात लावला नाही. "आमच्याकडे वर्षातून एकदा सगळ्यांचं रक्त तपासतात. सगळे एका रांगेत. काउंटरवरची मुलगी माझ्या पुढं होती. मी माझ्यापुरती एक जास्तीची तपासणी करून घेतली. दिवस राहिलेत का, ते बघायला. त्या मुलीनं आपल्या लिंकमधला नंबर एकनं वाढवून बघितला. गंमत म्हणून. आज सकाळी मी कामावर गेले तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

नवऱ्यानं वाजणारा फोन बंद केला.

"माझं याआधी दोनदा पडलंय," बेकरीवाली म्हणाली. "म्हणून या वेळी चौथा महिना लागेपर्यंत आईलासुद्धा सांगायचं नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं. आता मालकापासून गाडीवाल्यापर्यंत सगळे माझ्या पोटाकडे बघून बोलतात. उद्या काही झालं तर परत सगळ्यांना सांगत फिरू का मी?"

धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला होता. आठवडाभर थोरलीनं मनात जो चेहरा बघितला होता तोच. पण तो समोर आल्यावर तिला त्यातलं काहीच गोड लागलं नाही. तिला त्या बाईच्या हातांवरचं वाळलेलं पीठ दिसत होतं.

"हे किती दिवस उघडं होतं?" बेकरीवालीनं विचारलं.

"बाई, आम्हाला हे आत्ता, तुमच्या तोंडून कळतंय," नवरा हात जोडून म्हणाला. "शपथेवर सांगतो."

थोरलीनं मान खाली घातली.

डॉक्टरीणबाई उठल्या. "माझ्याकडे लोक रक्त देतात ते विश्वासावर. तुमचा प्रोग्रॅम मी महिनाअखेर काढून टाकतेय." जाताना थोरलीपाशी थांबल्या. "तुझ्या वेळी असं नव्हतं गं." हे वाक्य ऐकायला थोरलीनं काय नसतं दिलं! आणि आता ते कानात शिरताना बोचलं.

त्या गेल्या आणि थोरली उठून तडक आपल्या मशीनवर बसली. चहा निवायच्या आत तिनं दार बंद केलं. मागणारा कोण हे तपासल्याशिवाय आता रिपोर्ट उघडत नव्हता.

इकडे नवऱ्यानं वकिलाला फोन लावला होता. "वकील म्हणतात, कुणाला काही लिहून देऊ नका. खोट दूर झालीय. झाकली मूठ सव्वा लाखाची. हॉस्पिटलवाल्यांची सही होऊ दे, मग बघू."

"दादा, मूठ झाकलेली नाहीये," धाकटी म्हणाली. "एका बेकरीत टाळ्या वाजल्यात."

"अगं, बाजारात आपली लक्तरं टांगली जातील! समोरची कंपनी टपून बसलीय."

"टांगली जातीलच. आपण टांगली तर निदान सरळ टांगू. मी लिहिलंय ते, मीच सांगते सगळ्यांना."

आणि तिनं सांगितलं. एकेका लॅबला आणि हॉस्पिटलवाल्यांना स्वतः फोन केला, पाठोपाठ पत्रही धाडलं. काय चुकलं, कुणाची माहिती दिसू शकत होती, आता काय केलंय. "आम्हाला आजच कळलं," असंही प्रत्येकाला सांगितलं. काहींनी शिव्या घातल्या, काहींनी पैसे अडवले, काही सोडून गेले. पण बरेच राहिले. हॉस्पिटलवाल्यांनी तपासणी पुढं ढकलली. त्यांच्या साहेबांनी नवऱ्याला सांगितलं, "तुमच्या त्या बाईंनी आपणहून कळवलं म्हणून आम्ही दार लावून घेत नाही." घरी सासूबाईंनी सगळं ऐकून मान डोलावली. "चूक कबूल करायला छाती लागते. सगळ्यांना नसते."

थोरली ताट तसंच ठेवून उठली. माती खाल्ली हिनं, आणि हार पुन्हा हिच्याच गळ्यात! तिनं जे हवं म्हणून वाट बघितली होती ते सगळं झालं होतं. धाकटी चारचौघांत चुकली होती, थोरलीनं दुरुस्ती केली होती. तरीही बघणाऱ्यांनी धाकटीकडेच बघितलं.

दोन दिवसांनी दुपारी धाकटी तिच्या खोलीत आली आणि दार लावून घेतलं.

"ताई, एक विचारू? त्या दिवशी बेकरीवाल्या बाई एवढंच म्हणाल्या, की लिंकमधला नंबर वाढवला. आपल्याकडे तो नंबर दहा ठिकाणी वापरलाय. तुम्ही कुठं काही शोधलंच नाहीत. माझ्या फाइलमधल्या त्या एका ओळीवर थेट गेलात. मी लिहिलंय ते, तरी मला अर्धा दिवस लागला असता."

"अनुभव असतो."

"ताई."

थोरलीनं चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"कधीपासून माहीत होतं?" धाकटीनं विचारलं.

"आईंचा साखरेचा रिपोर्ट आला, त्या दिवसापासून."

धाकटीनं समोरची खुर्ची मागं ढकलली. मग तिचा आवाज चढला. इतका चढलेला थोरलीनं कधी ऐकला नव्हता. "मी तुमच्याकडे आले होते! नजर टाका म्हटलं होतं. तेव्हा नाही म्हणालात, ठीक आहे, चूक माझी. पण दिसल्यावर? मला पाडायचं होतं तर पाडायचं मला. ती बाई मध्ये कुठून आली?"

"मला तुझा हेवा वाटतो," थोरली म्हणाली. इतकं सरळ वाक्य आपल्या तोंडून कसं गेलं याचं तिलाच नवल वाटलं.

"मग वाटू द्या की! वाटायला कोण नाही म्हणतंय? मला काय कळत नव्हतं? माझ्या रंगांना नावं ठेवा, आईंना माझ्या चुगल्या सांगा, मी ऐकून घेतलं असतं. लोकांचे रिपोर्ट उघडे ठेवून कसला हेवा करता?"



नवऱ्याला त्याच दिवशी कळलं. तो ओरडला नाही, उलट दार बंद करून कुजबुजत बोलू लागला. "हे या खोलीबाहेर जाता कामा नये. माहीत नव्हतं ही चूक झाली. माहीत असून सांगितलं नाही, हे वेगळंच प्रकरण आहे. विमावाले हात वर करतील, हॉस्पिटलवाले कोर्टात खेचतील. आपण सगळ्यांना 'आजच कळलं' म्हणून सांगून बसलोय."

"म्हणूनच परत सांगायला लागेल," थोरली म्हणाली. "तू शपथेवर खोटं बोललास, आणि तुला ते ठाऊकही नव्हतं. हे मी तुझ्या डोक्यावर ठेवून कशी बसू?"

"कंपनी बुडेल गं."

"बुडणार नाही. लहान होईल."

दुसऱ्या पत्रात तिनं स्वतः लिहिलं, की कंपनीतल्या एका जबाबदार व्यक्तीला ही खोट आठवड्याहून जास्त दिवस आधी दिसली होती आणि तिनं ती दडवली. खाली सही तिचीच. धाकटीनं ते वाचलं, एक शब्द सोपा केला, आणि काही न बोलता परत दिलं.

पण पत्र जायच्या आधी थोरली बेकरीत गेली. गर्दीची वेळ नव्हती. बेकरीवाली काउंटरमागं ट्रे रचत होती. थोरली घरून वाक्यं जुळवून आली होती, ती सगळी विसरली. "तुम्ही विचारलं होतंत, किती दिवस उघडं होतं," ती म्हणाली. "मला माहीत होतं. तुम्ही रक्त द्यायला गेलात त्याच्या आधीपासून. मी कुणाला सांगितलं नाही."

बाईनं ट्रे खाली ठेवला. "म्हणजे सांगितलं असतंत तर..."

"तर ती मुलगी उघडू शकली नसती."

"का नाही सांगितलंत?"

"माझ्या जावेचं नाव खाली यावं म्हणून."

बाईनं तिच्याकडे बराच वेळ बघितलं. रागापेक्षा त्यात नवल जास्त होतं, आणि थोरलीला ते सोसणं जड गेलं. "तुमच्या घरातल्या भांडणात माझं पोट होतं होय," ती म्हणाली. मग थोरलीच्या मागं उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकाकडे मान वळवून तिनं विचारलं, "तुम्हाला काय देऊ?"

थोरली बाहेर आली आणि घरापर्यंत चालत गेली.

दुसरं पत्र गेलं आणि हॉस्पिटलवाल्यांनी दार लावून घेतलं. साहेबांनी फोनही घेतला नाही, काम समोरच्या कंपनीला गेलं. विमावाल्यांशी वाद अजून चालू आहे. ऑफिसचा अर्धा मजला सोडून द्यावा लागला, काचेची केबिन त्या अर्ध्यातच होती. धाकटीचं टेबल आता खिडकीपाशी लागलं, थोरलीचं दाराजवळ. महिनोन्‌महिने दोघी कामापुरतं बोलत होत्या. रविवारी धाकटी यायची ती थोरली बाजारात गेल्याची वेळ साधून.

थोरलीचं काय करायचं, हे नवऱ्याला सुचेना. बायकोला काढून टाकणार कसं? शेवटी धाकटीनंच तोडगा काढला, तोही कोरड्या आवाजात. "ताईंना दुसऱ्याच्या कामातली खोट दिसते. तेच त्यांचं काम करा. काहीही बाहेर जायच्या आधी त्यांनी ते फोडून बघायचं आणि सापडलं की लगेच मला सांगायचं. त्याच दिवशी." म्हणजे थोरली आता धाकटीच्या हाताखाली. हे ऐकून तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण ती हो म्हणाली.

सासूबाईंना ते पटेना. "खुसपटं काढायचा पगार देतात? मी आयुष्यभर हे काम फुकट केलं."

काम मात्र थोरलीला जमलं. दुसऱ्याचं लिखाण ती अशी वाचायची, की लिहिणाऱ्याला घाम फुटावा. नव्या पोरांच्या चुका सापडल्या की त्यांना त्या लगेच, शांतपणे सांगायची. धाकटीच्या लिखाणाची पाळी आली की मात्र तिचं वाचन आपोआप सावकाश व्हायचं, डोळे बारीक व्हायचे. बहुतेक वेळा काही सापडत नसे, आणि तेव्हा तिला आनंद व्हायचा की वाईट वाटायचं, हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

एका सकाळी सापडलं. धाकटीच्या नव्या कामात, एका कोपऱ्यात. लॅबनं कामावरून काढून टाकलेल्या माणसाचा पासवर्ड पुढं दिवसभर चालतच राहत होता. थोरलीच्या छातीत तेच जुनं गार गार पसरलं, अगदी तसंच. ती जागची उठली आणि खिडकीपाशी गेली.

"हे बघ."

धाकटीनं बघितलं. कान लाल झाले. "हे मुद्दाम ठेवलंय. पासवर्ड दर वेळी नव्यानं तपासला तर मशीन मंद होतं."

"मंद होऊ दे."

"लॅबवाले बोंब मारतील."

"मारू देत. तो काढलेला माणूस दुपारी रिपोर्ट बदलून गेला तर कोण बोंब मारेल?"

"तुम्हाला माझं काहीच चांगलं दिसत नाही, ताई!"

"दिसतं. तेच तर दुखतं. पण हे चांगलं नाहीये."

धाकटीनं पायानंच बाजूची खुर्ची तिच्याकडे ढकलली. "मग बसा इथं आणि दाखवा, मंद न होता कसं करायचं ते."

थोरली बसली. आवाज इतके चढले, की नवऱ्यानं फोनवरच्या माणसाला "एक मिनिट हं" म्हणून उठून आपलं दार लोटून घेतलं.